दिएगो दे गार्दोकी यांच्यावर लिहिताना या चुका टाळा

स्पेनमधील बिल्बाओ बंदराचे व्यापारी दिएगो दे गार्दोकी यांना सर्रास ‘अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातील स्पेनचे राजदूत’ म्हटले जाते आणि पुढचा सारा घोळ तिथूनच सुरू होतो. युद्ध चालू असताना ते व्यापारी होते. स्पेनचे दूत म्हणून ते अमेरिकेत पोहोचले ते 1785 मध्ये, म्हणजे युद्ध संपवणारा पॅरिसचा तह होऊन दोन वर्षे उलटल्यावर, आणि तेही पूर्ण राजदूत म्हणून नव्हे, तर प्रभारी दूताच्या दर्जाने.

त्यांच्या मदतीमागे निव्वळ स्वातंत्र्यप्रेम शोधणे ही दुसरी चूक. गार्दोकींच्या पेढीचा मॅसॅच्युसेट्समधील मार्बलहेड आणि सेलमच्या व्यापाऱ्यांशी खारवलेल्या कॉड माशाचा जुना व्यवहार होता. त्याच ओळखीतून बंदुका आणि दारूगोळ्याची मागणी बिल्बाओला आली. मार्च 1777 मध्ये अमेरिकी प्रतिनिधी आर्थर ली स्पेनमध्ये आले, तेव्हा इंग्रजांना सुगावा लागू नये म्हणून त्यांना माद्रिदला येऊ न देता बुर्गोसलाच थांबवण्यात आले. तिथे स्पेनचे नुकतेच पायउतार झालेले परराष्ट्रमंत्री ग्रिमाल्दी यांच्याशी झालेल्या बोलण्यात गार्दोकी दुभाषाचे काम करत होते आणि पुढे गेलेला माल वरकरणी साध्या व्यापाराचा वाटावा, यासाठी त्यांच्या पेढीचे नाव कामी आले. हा आडपडदा वगळला, तर व्यापाऱ्याचीच निवड का झाली हे कळतच नाही.

स्पेनला अमेरिकेचे मित्रराष्ट्र म्हणू नका. ज्या कराराने स्पेन युद्धात उतरला, तो 1779 चा आरांखुएसचा करार अमेरिकेशी नव्हे, तर फ्रान्सशी होता.

एखाद्या कागदात 1779 साली फिलाडेल्फियात वावरणारा स्पॅनिश व्यापारी दिसला, तर ते बहुधा हवानाचे हुआन दे मिरायेस असतात. एप्रिल 1780 मध्ये मॉरिसटाऊन येथे त्यांचे निधन झाले. गार्दोकी त्या वर्षी स्पेनमध्येच होते, त्यामुळे घोटाळा वाटल्यास आधी साल आणि गाव ताडून पाहावे.

मिसिसिपी नदीतील अमेरिकी वाहतुकीच्या हक्कावर स्पेनशी झालेल्या वाटाघाटी फसल्याचे खापर एकट्या गार्दोकींवर फोडणेही माझ्या मते अन्यायाचे आहे. नदीतील वाहतुकीचा हक्क काही दशके बाजूला ठेवून स्पेनशी व्यापारी करार करायला अमेरिकेचे परराष्ट्र सचिव जॉन जे तयार झाले होते. मात्र 1786 मध्ये अमेरिकी काँग्रेसमध्ये सातच राज्ये त्यांच्या बाजूने उभी राहिली आणि तहाच्या मंजुरीला नऊ राज्ये लागत. अखेर स्पेन आणि अमेरिका यांच्यातील 1795 च्या सान लोरेन्सो तहाने ती वाहतूक खुली झाली, तेव्हा गार्दोकी माद्रिदमध्ये अर्थखाते सांभाळत होते.