लहान हॉलसाठी सोफा घेताय? आधी घरातल्या मोठ्या माणसाला त्यावरून उठवून बघा

आमचा हॉल साडेनऊ फूट बाय तेरा फूट, डोंबिवलीतल्या वन बीएचकेमध्ये असतो तेवढाच. सहा वर्षांपूर्वी सोफा घेतला तेव्हा दुकानात दोन मिनिटं बसून बघितलं, मऊ लागला, रंग आवडला, घेऊन आलो. दीड वर्षात मधोमध खड्डा पडला. आईचे गुडघे तेव्हाच दुखायला लागले होते, त्या खड्ड्यातून उठताना तिला दर वेळी कुणाचा तरी हात लागायचा, आणि हळूहळू तिने हॉलमध्ये बसणंच सोडलं, आत पलंगावर बसायला लागली. ती एकटी आत का बसते हे मला फार उशिरा कळलं, कारण होतं तो सोफा. त्यामुळे या वेळी नवीन घेताना महिनाभर फिरले, कारागिरांशी बोलले, टेप घेऊन सगळं मोजलं, आणि जे जे कळलं ते इथे लिहितेय, कुणाला तरी उपयोग होईल.

आधी एक गोष्ट. टणक सोफा म्हणजे बाकडं नाही. बसल्यावर इंच-दीड इंच दबला पाहिजे आणि मग थांबला पाहिजे. दुकानात हाताने दाबून काहीच कळत नाही हो, कारण वरचा थर सगळेच मऊ ठेवतात. खरी परीक्षा म्हणजे पाठ टेकून निदान पंधरा मिनिटं बसायचं, गप्पा मारायच्या, आणि मग हातांचा आधार न घेता उठून बघायचं. तुम्हाला जमलं की घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला तेच करायला सांगा, त्यांना हात टेकायचे असतील तर टेकू देत पण ओढावं लागता कामा नये. आईला दुकानात न्यायला मला जिवावर आलं होतं, रिक्षा, जिने, उन्हाळा, पण तिला नेलं म्हणूनच योग्य सोफा मिळाला.

आता मापं, यात सगळ्यात जास्त वेळ घाला. सीटची उंची बसलेल्या अवस्थेत मोजा, म्हणजे तुम्ही बसा आणि दुसऱ्याने जमिनीपासून मोजावं, कारण कॅटलॉगमधली उंची रिकाम्या सोफ्याची असते. आमच्याकडे बसल्यावर १७ इंच येईल असं बघितलं. बरेच नवीन डिझाइनचे सोफे बसल्यावर १४-१५ इंचावर जातात, गुडघे कमरेच्या वर येतात, आणि गुडघे कमरेच्या वर गेले की उठायला सगळा जोर मांड्यांवर येतो. दुसरं माप सीटच्या खोलीचं, म्हणजे पाठीच्या कुशनपासून पुढच्या कडेपर्यंत. हे २३-२४ इंच असलं तर पाच फूट उंचीच्या बाईची पाठ टेकतच नाही, टेकवली तर पाय लोंबकळतात, मग ती कडेवर बसते किंवा पाठीमागे उशी घालते. पाठ पूर्ण टेकून बसल्यावर गुडघ्याच्या मागे आणि सीटच्या कडेत दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे, बास. आईसाठी १९ इंच बसलं, मला तेवढ्यात थोडं आखूड वाटतं पण चालतं, कारण रोज जास्त वेळ बसणारी ती आहे.

आणि पायाखालची जागा बघा, ही मला एका म्हाताऱ्या कारागिराने सांगितली आणि मग पटलीच. माणूस उठताना आधी पाय मागे ओढतो, स्वतः करून बघा. सोफा जमिनीपर्यंत बंद बॉक्ससारखा असेल तर टाचा मागे जात नाहीत आणि उठणं जड होतं. म्हणून पाच-सहा इंचाचे पाय असलेला, खालून मोकळा सोफा घ्या, खालून फरशीही पुसली जाते. लहान घरात स्टोरेजवाला सोफा घ्यायचा मोह होतोच, मलाही झाला, गाद्या-चादरी जातील म्हणून, पण घरात गुडघ्याचा त्रास असलेलं कुणी असेल तर मी तरी नाही घेणार.

हाताची दांडी, म्हणजे आर्मरेस्ट, यातच लहान हॉलची जागा वाया जाते. साधा हिशोब बघा. ७२ इंची थ्री-सीटर, दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंचाचे जाड फुगीर हात, म्हणजे बसायला उरले ५४, माणशी १८ इंच, तीन मोठी माणसं नीट बसूच शकत नाहीत. तोच ७२ इंची सोफा चार इंचाच्या लाकडी हातांचा घेतला तर ६४ उरतात, माणशी २१ इंच. भिंतीवर जागा तेवढीच गेली आणि एक माणूस जास्त बसला. मात्र हात पातळ असला तरी भक्कम हवा आणि सीटच्या पुढच्या कडेपर्यंत आलेला हवा, कारण उठताना आपण तिथेच रेटा देतो.

सोफ्याची पूर्ण खोलीही मोजा, म्हणजे मागच्या टोकापासून पुढच्या टोकापर्यंत. आमच्या हॉलची रुंदी ११४ इंच. समोर टीव्ही युनिट १६, टीपॉय २०. जुना सोफा ३८ इंचाचा होता, म्हणजे चालायला सगळी मिळून ४० इंच जागा, ती पण टीपॉयच्या दोन्ही बाजूंना वाटलेली, त्यामुळे आम्ही कायम आडवं होऊन चालायचो. नवीन ३१ इंचाचा आहे, सात इंच मोकळे झाले आणि हॉल मोठा झाल्यासारखा वाटतो. घ्यायच्या आधी फरशीवर खडूने सोफ्याचा चौकोन आखा आणि दोन दिवस तसंच राहा, बाल्कनीचं दार उघडा, कपाट उघडा, केर काढा, जिथे पाय खडूवर पडतो तिथे सोफा नडणार.

एल-शेपबद्दल खूप जण विचारतात. दहा फुटांच्या आतल्या हॉलमध्ये माझं मत स्पष्ट आहे, घेऊ नका. कोपऱ्यातल्या जागेत कुणी बसत नाही, आणि गणपतीत काय करणार? आमच्याकडे दरवर्षी हॉल रिकामा करून मखर मांडतात, हळदीकुंकवाला पण बायका खाली सतरंजीवर बसतात, तेव्हा सोफा दोन माणसांनी उचलून आत नेता आला पाहिजे. एक अडीच किंवा तीन सीटचा आणि सोबत एक सुटी खुर्ची, हे जास्त कामाचं.

आता आतलं, जे दिसत नाही आणि जिथे फसवणूक होते. दुकानदार ‘हार्ड फोम आहे मॅडम’ म्हणतो आणि डेन्सिटी सांगतो. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोत वजन, ३२ डेन्सिटी म्हणजे घनमीटरला ३२ किलो. आणि डेन्सिटी म्हणजे कडकपणा नाही, हे लक्षात ठेवा, कडकपणा फोम बनवताना वेगळा ठरतो, त्यामुळे ४० डेन्सिटीचा मऊ फोम पण असतो आणि कमी डेन्सिटीचा कडक पण. डेन्सिटीवरून फोम किती वर्षं टिकेल याचा अंदाज येतो, कडकपणा बसूनच कळतो. रोजच्या बसण्याच्या सीटला मी ४० मागितली, पाठीला कमी चालते कारण तिथे भार कमी असतो.

ही डेन्सिटी घरी तपासता येते, त्यासाठी बॅग तोलायचा लटकवायचा काटा पुरतो. सीटच्या कुशनची चेन उघडा, नुसता फोम काढा आणि वजन करा. २४ बाय २२ बाय ५ इंचाचा तुकडा असेल तर ३२ डेन्सिटीला वजन साधारण १.४ किलो आणि ४० ला १.७ किलो भरायला हवं. एक किलोच भरलं तर तो २४ च्या आसपासचा फोम आहे, तोंडाने काहीही सांगितलं असू दे. माझ्या जुन्या सोफ्याचा तुकडा असाच निघाला. काही फोममध्ये वजन वाढवायला पावडर घालतात, तसा फोम चिमटीत चोळला की भुगा हाताला लागतो आणि दाबून सोडला की हळू वर येतो, म्हणून वजनासोबत हेही बघा.

फोमच्या खाली काय आहे ते त्याहून महत्त्वाचं. कुशन उचला आणि खालचं कापड हाताने दाबा. इलास्टिकचे बेल्ट असतील तर ते उभे-आडवे विणलेले आणि जवळजवळ हवेत. आमच्या जुन्यात फक्त एका दिशेने होते आणि दोन बेल्टमध्ये वीतभर अंतर, खड्डा पडणारच होता. झिगझॅग स्प्रिंग असेल तर स्प्रिंगा एकमेकींना तारेने बांधलेल्या हव्यात, बसल्यावर आवाज येता कामा नये. नुसत्या प्लायवर फोम असेल तर खाली जाण्याचा प्रश्न नाही, पण मग फोम पाच इंचाच्या खाली नको, नाहीतर तासाभरात माकडहाड दुखतं. मी लाकडी पट्ट्यांवर चार इंच कडक फोम आणि वर एक इंच मऊ असं करून घेतलं.

फ्रेम कशाची विचारा आणि उत्तरावर विसंबू नका. पुढचा एक पाय पाच-सहा इंच उचला, दुसरा पुढचा पाय लगेच वर आला तर फ्रेम घट्ट, तो जमिनीवरच राहिला तर सांधे ढिले आणि सोफा पिळवटतोय. सागवान परवडत असेल तर उत्तमच, वाळवी सहसा लागत नाही. नाहीतर साल वृक्षाचं लाकूड किंवा चांगलं प्लाय, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डची, फ्रेम मी घेणार नाही, ओल लागली की फुगते आणि स्क्रू धरत नाही. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात किंवा ओशिवऱ्याला गेलात तर कापड चढवायच्या आधीची कच्ची फ्रेम दाखवा म्हणा, दाखवायला नाही म्हटलं तर पुढच्या दुकानात जा.

कापडाचं थोडक्यात. रेक्झिन मे महिन्यात घामाने चिकटतं आणि काही वर्षांत त्याचे पापुद्रे निघतात. जाडसर विणीचं कापड घ्या, कव्हर चेनवालं आणि काढून धुता येईल असं. बाहेरच्या भिंतीला ओल येत असेल तर सोफा दोन-तीन इंच पुढे ठेवा, नाहीतर मागून बुरशी धरते.

ऑर्डर द्यायच्या आधी मुख्य दाराच्या चौकटीचं आतलं माप, लिफ्टची उंची आणि जिन्याचं वळण मोजा. दार ३३ इंच आणि सोफा ३४ इंच खोल असला तरी आडवा करून, पाय काढून जातो, पण पाय सुटे होतात का ते आधी विचारा. बिलावर ‘सोफा सेट’ एवढंच लिहून घेऊ नका. फोमची डेन्सिटी, जाडी, लाकूड, सीटची उंची सगळं लिहून घ्या, माल आला की टेम्पोवाला जायच्या आत एक कुशन उघडून काट्यावर लावा, मी लावलं होतं, १.७ भरलं.

शेवटी आम्ही सुटी कुशनं असलेला साधा लाकडी सोफाच करून घेतला. दर महिन्याला मी कुशनांच्या जागा बदलते, कारण आई रोज एकाच जागी बसते, खिडकीजवळ, संध्याकाळी सहा वाजल्यापासून, आणि चहा ठेवायला तीच उठून जाते.