एक कॉम्प्युटर, दोन खाती: विंडो गायब झाली तर या चुका टाळा

प्रोग्राम चालू आहे, टास्कबारवर त्याचं चिन्ह दिसतंय, पण क्लिक केलं तरी स्क्रीनवर काही येत नाही. तोच प्रोग्राम दुसऱ्या खात्यातून उघडला की व्यवस्थित समोर येतो. विंडोजवर दोन-तीन जणांची खाती असलेल्या ठिकाणी ही तक्रार नेहमीची, आणि लोक तिच्यावर करतात ते उपाय बहुतेक वेळा चुकीचे.

सगळ्यांत महागात पडते ती घाई: प्रोग्राम काढून पुन्हा टाकायचा. विंडो कुठे होती, केवढी होती, हे बहुतेक प्रोग्राम त्या-त्या खात्यापुरतं लिहून ठेवतात, कधी रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात), कधी ॲपडेटा या लपवलेल्या फोल्डरमध्ये. अनइन्स्टॉल करताना या नोंदी सहसा तशाच राहतात. नवा टाकलेला प्रोग्राम जुनी नोंद वाचतो आणि पुन्हा तिथेच जाऊन बसतो.

समजा, ऑफिसात दोन पाळ्यांची दोन खाती आहेत. संध्याकाळच्या खात्यात बिलिंगची विंडो डावीकडच्या दुसऱ्या मॉनिटरवर असते. मुख्य मॉनिटरचा वरचा डावा कोपरा विंडोज 0,0 धरतं, त्यामुळे डावीकडच्या मॉनिटरवरची जागा उणे आकड्यांत नोंदली जाते. तो मॉनिटर दुसऱ्या टेबलावर गेला. सकाळच्या खात्याला काहीच फरक पडला नाही, संध्याकाळी मात्र विंडो गायब. प्रोग्राम तीनदा टाकून झाला, शेवटी खातंच काढून नवं केलं. विंडो दिसली खरी, पण 'डिलीट अकाउंट अँड डेटा' म्हटल्यावर त्या खात्याचा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सही पुसले गेले.

इतकं सगळं चार कळांत सुटलं असतं. ज्या खात्यात अडलंय त्याच खात्यात जा. टास्कबारच्या चिन्हावर क्लिक करा, ऑल्ट आणि स्पेस एकत्र दाबा, मग एम, मग बाणाची कुठलीही कळ एकदा. आता माउस हलवला की विंडो त्याच्याबरोबर येते. क्लिक करून सोडा. 'मूव्ह' फिकं दिसत असेल तर विंडो मॅक्सिमाइझ किंवा मिनिमाइझ झालेली आहे, आधी ऑल्ट-स्पेस आणि आर. दुसरा मॉनिटर जोडलेला असेल, तर विंडोजची कळ, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण पुरतो.

यानंतरची पायरी लोक हमखास गाळतात. विंडो जागेवर आणली की प्रोग्राम नीट बंद करा, एक्झिट म्हणून. अनेक प्रोग्राम जागा बंद होतानाच लिहितात. टास्क मॅनेजरमधून 'एंड टास्क' केलं की लिहायची संधीच मिळत नाही आणि उद्या तोच खेळ. मिनिमाइझ केलेली विंडोही तशीच बंद करू नका: त्या अवस्थेत विंडोज तिची जागा उणे 32000 सांगतं, आणि कच्चा लिहिलेला प्रोग्राम तोच आकडा जपून ठेवतो.

साध्या खात्यातून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून ॲडमिनचा पासवर्ड दिला, तर प्रोग्राम ॲडमिनच्या खात्याने चालतो आणि त्याच्याच नोंदी वाचतो. आपण लावलेली जागा तिथे नसतेच. गरज नसेल तर ही सवय सोडा.

स्केल, म्हणजे स्क्रीनवर सगळं किती मोठं दिसावं ते प्रमाण, प्रत्येक खात्याचं वेगळं असू शकतं. 1920 बाय 1080 चा मॉनिटर 150 टक्क्यांवर ठेवला की जागा 1280 बाय 720 एवढीच उरते. उंच डायलॉगचं 'ओके' बटण तळाखाली जातं. दोन्ही खात्यांत स्केल एकच ठेवा.

एचडीएमआयने जोडलेला बंद टीव्हीसुद्धा मॉनिटर म्हणून मोजला जाऊ शकतो आणि विंडो तिकडे जाऊन बसते. विंडोजची कळ आणि पी दाबून 'पीसी स्क्रीन ओन्ली' निवडा.

क्रोममध्ये एकाच खात्यात अनेक प्रोफाइल असतील तर प्रत्येक प्रोफाइलची जागा त्याच्या स्वतःच्या 'प्रेफरन्सेस' फाइलमध्ये असते. क्रोम चालू असताना ही फाइल बदलू नका, बंद होताना ते ती पुन्हा लिहितं. फायरफॉक्स सोपं आहे: ते बंद करून प्रोफाइल फोल्डरमधली विंडोची जागा ठेवणारी 'झुलस्टोअर डॉट जेसन' (xulstore.json) फाइल बाजूला हलवा, बुकमार्क आणि पासवर्डला धक्का लागत नाही.

विंडोज 11 वर सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, मल्टिपल डिस्प्लेजमध्ये 'रिमेंबर विंडो लोकेशन्स बेस्ड ऑन मॉनिटर कनेक्शन' ही खूण आहे. मॉनिटर सतत काढला-जोडला जात असेल तर ती प्रत्येक खात्यात उघडून तपासा.