डिझाइनचा दर सांगताना या चुका टाळा

नाशिकच्या कॉलेज रोडचा कॅफे असो की अंबडची फॅक्टरी, फोनवर पहिला प्रश्न ठरलेला: "लोगोचे किती घेता?" काम नीट कळण्याआधी तोंडातून निघालेला आकडा नंतर वाढवता येत नाही. "माहिती पाठवा, उद्या कोटेशन देतो," एवढंच सांगा.

शेजारच्यापेक्षा पाचशे कमी

हा दर नव्हे, अंदाज. आधी तासाचा भाव काढा. समजा घरखर्च २८,०००, सॉफ्टवेअर-इंटरनेट-वीज ६,०००, ९०,००० चा कॉम्प्युटर ३६ महिन्यांत वसूल म्हणून २,५००, आणि आजारपण-सुट्ट्या-करासाठी ८,५००. एकूण ४५,०००. महिन्यात २०० तास बसलात तरी फोन, कोटेशन, वसुली यांत निम्मे जातात. पैसे मिळतात ते उरलेल्या १०० तासांचे. म्हणजे तासाला ४५०. बरेच जण २०० ने भागतात, तिथेच गणित फसतं.

आता दिंडोरीच्या एखाद्या बेदाणेवाल्याचा पाउच घ्या. माहिती आणि बाजारातले इतर पाउच पाहणं २ तास, कल्पना ६, पुढची बाजू ५, मागचा मजकूर व बारकोड ३, दोन फेऱ्या दुरुस्त्या ४, प्रिंट फाइल व प्रूफ (छपाईआधी तपासायचा नमुना) ३. एकूण २३ तास, १०,३५० रुपये. अडीअडचणीला १५ टक्के धरले की साधारण १२,०००. "त्यातच अर्धा किलोचाही करून द्या" याला हसून हो म्हणू नका. माप बदललं की मांडणी पुन्हा लावावी लागते. ४ तास धरा, १,८०० वेगळे.

पाउच बहुतेकदा ग्रॅव्हूरवर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरने, छापला जातो आणि प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर लागतो. एफएसएसएआय (खाद्यपदार्थाच्या परवान्याचा) क्रमांक छापायचा राहिला हे सिलिंडर तयार झाल्यावर लक्षात आलं, तर भुर्दंड कोणाचा? मजकूर तपासून ग्राहकाने प्रूफला लेखी मंजुरी द्यायची, ही ओळ कोटेशनमध्ये हवीच.

"जरासंच बदला"

सकाळी मालक, दुपारी भागीदार, रात्री मालकाचा मुलगा. एका फेरीतले सगळे बदल एकाच माणसाकडून, एकाच मेसेजमध्ये. तिसऱ्या फेरीपासून तासाप्रमाणे.

जीएसटी गिळणं

सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसताना जीएसटी लावताही येत नाही. नोंदणी असून "सगळं धरून १२,०००" म्हणालात, तर १८ टक्के जाऊन हातात १०,१६९ उरतात.

मूळ फाइल फुकट

एआय (इलस्ट्रेटर) किंवा सीडीआर (कोरलड्रॉ) फाइल आणि हक्क यांचा दर वेगळा लिहा. कॉपीराइटचं हस्तांतरण लेखीच लागतं. मुदत लिहिली नाही तर ते ५ वर्षांचंच धरलं जातं. ग्राहकालाही हे आधी सांगावं, नंतर कटकट नको.

पैसे अडकले तर

५० टक्के आगाऊ, ३० डिझाइन मंजुरीला, २० प्रिंट फाइल देण्याआधी. तोवर वॉटरमार्क असलेली जेपीजीच पाठवा. सातपूरच्या कारखान्यांत बिल लेखा विभागात पडून राहतं; काम घेण्याआधी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून तो क्रमांक बिलावर टाका. सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. आठवणीच्या मेसेजमध्ये नुसतं "सर, पेमेंट?" लिहू नका, बिल क्रमांक, तारीख आणि किती दिवस उलटले ते लिहा.