स्वित्झर्लंड रेल्वेने: आधी मुक्काम, मग पास, डोंगर आकाश बघून

स्वित्झर्लंडची रेल्वेसहल आखताना बरेच जण सगळ्यात आधी ग्लेशियर एक्सप्रेस या आल्प्समधून जाणाऱ्या पॅनोरमा गाडीची जागा आरक्षित करतात आणि बाकीचे दिवस तिच्याभोवती बसवतात. हा क्रम उलटा करा. आधी मुक्काम ठरवा, मग पास घ्या. डोंगरावर कोणत्या दिवशी जायचं, ते तिथे पोचल्यावर ठरवा.

आठ रात्रींसाठी तीन मुक्काम पुरतात: लूसर्नला तीन, इंटरलाकेन किंवा लाउटरब्रुनेनला तीन, कूरला दोन. रोज गाव बदललं की दिवसाचे मोक्याचे तास बॅगा ओढण्यात आणि खोली ताब्यात मिळण्याची वाट बघण्यात जातात. इथल्या वेळापत्रकात 1982 पासून गाड्या दर तासाला त्याच मिनिटाला सुटतात आणि जोडगाड्या एकमेकींना जुळवलेल्या असतात, त्यामुळे एका गावातून सकाळी निघून संध्याकाळी परतणं सोपं पडतं. गाडी बदलायला मात्र बऱ्याचदा पाच-सात मिनिटंच असतात. दोन मोठ्या बॅगा घेऊन जिना उतरून पलीकडच्या फलाटावर चढणं तेवढ्यात जमत नाही. माणशी एकच बॅग, तीही स्वतःला उचलता येईल अशी.

स्विस ट्रॅव्हल पास सलग 3, 4, 6, 8 किंवा 15 दिवसांचा मिळतो. त्यात रेल्वे, बस, तलावातल्या बोटी, शहरांतल्या ट्राम आणि पाचशेहून जास्त संग्रहालयं येतात. फ्लेक्स पासचे दिवस महिनाभरात हवे तसे वापरता येतात. पण त्या दिवशी गाडीत चढण्याआधी पास ऑनलाइन चालू करावा लागतो. हे विसरलं तर पास खिशात असूनही तुम्ही विनातिकीट ठरता. तिसरा पर्याय महिनाभराच्या हाफ फेअर कार्डाचा, ज्यावर बहुतेक तिकिटं अर्ध्या किमतीत मिळतात. निवड अंदाजाने करू नका. स्विस रेल्वेच्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक दिवसाच्या प्रवासाचं पूर्ण भाडं बघा, त्याच्या निम्म्यात कार्डाची किंमत मिळवा आणि ती बेरीज पासच्या किमतीशी ताडून बघा. एकाच गावात राहून दोन-तीन महागडे डोंगर करायचे असतील तर बहुधा कार्ड परवडतं. इंटरलाकेनजवळच्या युंगफ्राउयोख या उंच डोंगरी स्टेशनचंच बघा: पास वेंगेन किंवा ग्रिंडेलवाल्डपर्यंतच चालतो आणि पुढे फक्त 25 टक्के सूट मिळते, तर कार्डावर वरपर्यंत 50 टक्के. अ‍ॅपमध्ये दिसणारी फार स्वस्त तिकिटं त्या एकाच गाडीपुरती असतात, हेही ध्यानात ठेवा.

लूसर्नहून रिगी हा डोंगर चुकवू नका. बोटीने तासाभरात वित्स्नाउला जा. तिथून दातेरी रुळांची गाडी वर जाते; 1871 साली सुरू झालेली ही युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे. उतरताना पलीकडच्या बाजूने आर्थ-गोल्डाउला या आणि तिथून रेल्वेने लूसर्न गाठा. ही पूर्ण फेरी पासमध्ये येते. लूसर्न ते इंटरलाकेन हा सुमारे दोन तासांचा प्रवास करताना उजवीकडे बसा, तळी त्या बाजूला दिसतात.

इंटरलाकेन ओस्ट (पूर्व) स्टेशनहून डोंगराकडे निघताना हमखास एक चूक होते. गाडी त्स्वाइल्युट्शिनेनला दोन भागांत तुटते: एक भाग ग्रिंडेलवाल्डला, दुसरा लाउटरब्रुनेनला. चुकीच्या डब्यात बसलात तर दुसऱ्याच दरीत पोचता. चढण्याआधी डब्यावरचा फलक वाचा.

युंगफ्राउयोख स्टेशन 3454 मीटरवर आहे. आयगरग्लेचर स्टेशननंतरची वाट जवळजवळ सगळी बोगद्यातून जाते, म्हणजे जे काही दिसायचं ते वरच. ढग असले तर वर पांढऱ्या भिंतीपलीकडे काही नाही, आणि तिकीट तर भारी. म्हणून या तीन दिवसांतला एकही दिवस आधीपासून बांधून ठेवू नका. आदल्या संध्याकाळी अंदाज आणि सकाळी शिखरावरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र बघूनच निघा. वर हवा विरळ असते, सावकाश चाला. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पावसाळी दिवस लाउटरब्रुनेनजवळच्या ट्र्युमेलबाखला द्या. तिथले धबधबे डोंगराच्या पोटात आहेत. हिवाळ्यात मात्र ते बंद असतात.

आता ग्लेशियर एक्सप्रेस. तिला पासशिवाय वेगळं आरक्षण शुल्क लागतं. इंटरलाकेनहून कूरला जाताना श्पीट्स, ब्रिग, आंडरमाट, डिझेंटिस अशा साध्या गाड्या घेतल्या तर ब्रिगपासून रूळ तेच, 2033 मीटरवरची ओबरआल्प खिंड तीच आणि आरक्षण नको. आंडरमाट आणि डिझेंटिसला गाडी बदलावी लागते. पूर्ण दिवस हाताशी ठेवा.

कूरच्या बाजूने इटलीतल्या तिरानोकडे जाणाऱ्या बेर्निना मार्गावर तर साधी गाडीच आम्ही जास्त पसंत करू. पॅनोरमा डब्याच्या बंद काचांवर प्रतिबिंब पडून फोटो बिघडतात. साध्या गाडीच्या बऱ्याच डब्यांत खिडकी उघडता येते. शिवाय 2091 मीटरवरच्या आल्प ग्र्युमला उतरून पाल्यु हिमनदी निवांत बघता येते आणि तासाभराने पुढची गाडी धरता येते. कूरहून निघताना उजवीकडे बसा: फिलिझूरच्या आधी 65 मीटर उंचीच्या लांडवासर पुलावर गाडी वळण घेत थेट कड्यातल्या बोगद्यात शिरते. शेवटचं स्टेशन तिरानो इटलीत आहे. शेंगेन व्हिसा तिथेही चालतो, पण पासपोर्ट हॉटेलात ठेवून निघू नका. पास तपासतानाही तो मागतात.