‘भाषा जरा वजनदार करा’ हा शेरा आला तर

बडोद्यात मराठी किंवा समाजशास्त्रात पीएचडीला लागलात की पहिल्या प्रकरणावर बहुधा हाच शेरा येतो. घाबरू नका, आणि लगेच ऐकूही नका.

अवघड संज्ञा लागतात, हे आधी मान्य करा. इटालियन मार्क्सवादी विचारवंत ग्रामचीच्या धुरीणत्वात (हेजेमनीत) खालच्या वर्गांची संमती मिळवलेली असते; नुसत्या वर्चस्वाचं तिच्यावाचून अडत नाही. तिथे सोपं म्हणून ‘वर्चस्व’ लिहिलंत तर मुद्दाच गेला. अशी संज्ञा पहिल्यांदा येईल तिथेच दोन ओळींत अर्थ बांधा आणि शेवटच्या पानापर्यंत तोच शब्द ठेवा. डिस्कोर्सला, म्हणजे एखाद्या विषयावर बोलण्या-विचार करण्याच्या रुळलेल्या चौकटीला, आधी चर्चाविश्व, मग संकथन, मग हिंदी पुस्तकातून उचललेला विमर्श, असं केलंत तर परीक्षक तीन वेगळ्या कल्पना शोधत बसतो. बडोद्यात वाचन चार भाषांत चालतं, म्हणून हे हमखास होतं. हिंदी टिपणातली ‘शिक्षा’ तशीच मराठीत उतरली तर शिक्षणाचा दंड होतो!

खरा सापळा मात्र -करण, -त्व, -ता यांचा. इथे लांबण लावणार आहे. हे वाक्य बघा: ‘बडोदा संस्थानातील प्राथमिक शिक्षणाच्या अनिवार्यीकरणातून राज्यसंस्थेच्या आधुनिकतेचे दृढीकरण घडून येते.’ व्याकरण ठीक, कानाला भारदस्त. पण कोणी केलं, कधी, कोणावर? आता हे: ‘सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होई.’ दंड दिसला की प्रश्न सुचतात. किती? कोणत्या जातींकडून वसूल झाला? सुगीच्या दिवसांत काय होई? प्रकरण इथून सुरू होतं. पहिल्या वाक्याने हे प्रश्न वाचकापासून लपवले, ते एक वेळ चालेल; लिहिणाऱ्यापासूनही लपवले.

म्हणून पान छापून घ्या. या प्रत्ययांच्या शब्दांखाली, शिवाय ‘घडून येते’, ‘केले गेले’ यांखाली पेन्सिलीने रेघ मारा. एका वाक्यात तीन रेघा आल्या की वाक्य मोडा आणि कर्ता शोधा. सापडला नाही तर उगाच ‘ब्रिटिशांनी’ घुसडू नका. दप्तरखान्यातल्या जुन्या कागदांकडे परत जा.

जुन्या बांधीव प्रबंधांतून भाषा उचलणं बंद. त्यातली संदर्भसूची तेवढी घ्या.

दुसरी बाजूही आहे. अमेरिकी तत्त्वज्ञ ज्युडिथ बटलर यांना १९९८ मध्ये एका नियतकालिकाने वाईट लेखनाचं बक्षीस दिलं. पुढच्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्क टाइम्समधून अवघड भाषेची बाजू मांडली. रूढ समजुतींना प्रश्न करायचा तर रूढ भाषा अपुरी पडते, हा त्यांचा मुद्दा खोटा नाही. पण आधी कुठली समजूत हलवायची ते ठरलेलं हवं, आणि पहिल्या प्रकरणात ते क्वचितच ठरलेलं असतं.

शेरा परत आला तर सर-मॅडमना दोन्ही वाक्यं शेजारी दाखवा आणि पहिल्यात जास्त काय आहे ते विचारा. बरेच जण मानतात. नाहीच मानलं तर सिनॉप्सिसमध्ये एक भारदस्त परिच्छेद देऊन टाका, प्रकरणं तशीच ठेवा.