सिकलसेलच्या आकड्यांतून उत्क्रांती कशी वाचायची

एमएस्सीची पोट्टी प्रोजेक्टला उत्क्रांती मागतात आणि मग कानाच्या पाळ्या नाहीतर जीभ वळवणं मोजू म्हणतात. मी नाही म्हणते. ही लक्षणं पुस्तकात वाटतात तशी एका जनुकाची नाहीतच. नागपुरात राहून सिकलसेल (तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार) सोडून पाळ्या मोजायच्या म्हणजे कमाल आहे. इथे ‘एएस पॅटर्न’, ‘एसएस पॅटर्न’ हे शब्द न शिकलेल्या आजीलाही कळतात : एएस म्हणजे जनुकाची एक प्रत साधी ‘ए’ आणि एक बिघडलेली ‘एस’, एसएस म्हणजे दोन्ही बिघडलेल्या, माणूस आजारी. मध्य भारतातल्या सिकलसेलवर शुक्ला आणि सोळंकी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं ते १९५८ साली. शिवाय मामला एका अक्षराचा आहे : अकराव्या गुणसूत्रावरच्या बीटा-ग्लोबिन (हिमोग्लोबिनचा एक भाग) जनुकात डीएनएच्या ‘ए’ अक्षराच्या जागी ‘टी’ येतो, आणि प्रथिनात ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं.

आधी नमुना. दवाखान्याच्या वॉर्डातून तो कधीच घेऊ नका. तिथे दुखणं घेऊन आलेले एसएस जास्त भेटणार, हे उघड आहे. गावातलं किंवा कॉलेजातलं सरसकट तपासणी शिबिर बरं. एका घरातून एकच माणूस घ्या. भावंडं मोजलीत तर तेच जनुक दोनदा मोजलं जातं. सोल्युबिलिटी टेस्टवर थांबू नका. नळीतलं द्रावण गढूळ होऊन मागच्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या, तर एस आहे एवढंच कळतं. एएस की एसएस, ते हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी सांगते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही टेस्ट लावूच नका. त्याच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन अजून भरपूर असतं, त्यामुळे एस लपून जातो.

आता मोजणी. समजा हजार माणसांत ८२० एए, १६० एएस आणि २० एसएस निघाले. प्रत्येकाकडे दोन प्रती, म्हणजे एकूण २०००. त्यात एसच्या प्रती १६० अधिक ४०, म्हणजे २००. वारंवारता ०.१. हार्डी-वाइनबर्गच्या हिशोबाने (निवड नाही आणि लग्नं सरमिसळ होतात असं धरून) ८१०, १८० आणि १० अपेक्षित होते. काय-स्क्वेअर, म्हणजे अपेक्षित आणि मोजलेल्या आकड्यांतल्या तफावतीचं माप, काढा : १२.३ च्या आसपास येतो. मर्यादा ३.८४, त्यापुढची तफावत नुसती योगायोगाची मानत नाहीत. इथे पोट्टी टाळ्या पिटतात, ‘मॅडम, नैसर्गिक निवड सापडली!’

थांबा बाप्पा. हाच नमुना मी असा रचलाय : पाचशे माणसं अशा समाजातली, जिथे एस मुळीच नाही. उरलेली पाचशे अशा समाजातली, जिथे त्याची वारंवारता ०.२ आहे. दुसऱ्या गटात ३२०, १६० आणि २० हे अगदी नियमाप्रमाणे आहे, पहिल्यात मोजायला काही नाहीच. दोन्ही गट आपापल्या जागी सरळ, नुसते एकत्र ओतले म्हणून एएस कमी आणि एसएस जास्त दिसले. याला वालुंड परिणाम म्हणतात. लग्नं जातीतच होतात अशा आपल्या शहरात तो पावलोपावली भेटतो. मामाच्या मुलीशी लग्नाची चाल असेल तरी आकडे त्याच बाजूला झुकतात. निवडीचा ठसा उलट असायला हवा : मोठ्या माणसांत एसएस कमी, एएस जास्त. म्हणून समाजवार आणि वयवार तक्ते वेगळे करा, मगच तोंड उघडा.

निवड दाखवायची तर मलेरिया आणावाच लागतो. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत एएस मुलांना मलेरियापासून संरक्षण मिळतं हे मांडलं. आपल्याकडे गडचिरोलीचं जंगल नजरेसमोर ठेवा. हिशोब असा : एसएस एकही मूल मागे ठेवत नाही असं धरलं आणि वारंवारता ०.१ वर स्थिरावली असेल, तर एएसच्या तुलनेत एएचं नुकसान सुमारे ११ टक्के असायला हवं. मलेरिया पूर्ण गेला असं धरा : ०.१ ची ०.०५ व्हायला दहा पिढ्या, म्हणजे साधारण अडीचशे वर्षं. प्रत्यक्षात त्याहून जास्त, कारण एसएस माणसं जगतात, त्यांना मुलंही होतात. मलेरिया हटवला की सिकलसेल आपोआप ओसरेल असं भाषणात कोणी म्हणालं तर हा हिशोब पुढे करा.

जनुकाच्या आजूबाजूचा पट्टाही बघता येतो. आपल्याकडचा एस बहुतेक अरब-भारतीय हॅप्लोटाइपवर (एकत्र वारशाने येणाऱ्या डीएनए-खुणांच्या संचावर) बसलेला असतो. तोच पूर्व सौदी अरेबियात दिसतो, आणि त्यात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं. फुकटातला डेटा म्हणून ‘१००० जीनोम’ हा जगभरच्या माणसांच्या डीएनएचा संग्रह उघडाल, तर त्यातले गुजराती ह्यूस्टनचे आणि तेलुगू ब्रिटनमधले. सरावाला ठीक. विदर्भाबद्दल त्यावरून निष्कर्ष काढलात तर मी सही करणार नाही.

एथिक्स कमिटीची परवानगी रक्त काढायच्या आधी घ्यायची, नंतर नाही. नावं एका कपाटात, कोड दुसऱ्या. रिपोर्ट फक्त त्या माणसाच्या हातात, समुपदेशकासमोर. सोयरीक जमवायला आलेल्या काकांना नाही. आपल्या भागात एएस कळल्यावर मुलीचं लग्न मोडतं आणि मुलाचं रक्त कोणी तपासतसुद्धा नाही. तक्त्यात समाजांना ‘गट क’, ‘गट ख’ अशीच नावं द्या.