लॉजच्या पहिल्या बैठकीला सूट कसा असावा

फ्रीमेसन ही बंधुभावाची जुनी संघटना आणि लॉज म्हणजे तिची स्थानिक शाखा. तिथलं पहिलं बोलावणं आलं की नवा माणूस आधी सुटाच्या काळजीत पडतो. भारी सूट लागत नाही. गडद, बिनडिझाइनचा आणि खांद्यात नीट बसणारा हवा. मला ही प्रथा मनापासून पटते. सगळेच काळ्या-करड्यात असले की कोणाची कमाई किती हे कपड्यांवरून कळत नाही, आणि लॉजमध्ये भेटायचं असतं ते बरोबरीच्या नात्यानं.

इंग्लंडच्या परंपरेतल्या लॉजमध्ये गडद सूट, पांढरा शर्ट, काळा किंवा मान्य असलेला खास टाय आणि काळे लेसचे बूट चालतात. पांढरे हातमोजे अनेक ठिकाणी लागतात. स्कॉटलंडमध्ये किल्टही (तिथला पुरुषांचा चुणीदार घागरा) दिसतो, तर अमेरिकेत एका लॉजमध्ये टक्सिडो (समारंभाचा काळा सूट) आणि दुसऱ्यात साधे कपडे, इतका फरक असतो. तेव्हा सेक्रेटरींना आधीच विचारा. त्यात कमीपणा नाही.

नवा सूट शिवून किंवा विकत आणला की बाहीवरचं लेबल आणि मागच्या चिरेवरचे कच्चे टाके काढा. ते बऱ्याच जणांचे तसेच राहतात. शर्टाची कफ बाहीतून सेंटिमीटरभर दिसावी, टायचं टोक बेल्टपर्यंत यावं. कोटाचं सगळ्यात खालचं बटण उघडं ठेवतात. ही रीत इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याच्यापासून पडली असं सांगतात. हाच एडवर्ड युवराज असताना 1874 ते 1901 इंग्लंडच्या युनायटेड ग्रँड लॉजचा, म्हणजे तिथल्या फ्रीमेसनांच्या मुख्य संस्थेचा, ग्रँड मास्टर (प्रमुख) होता! बैठकीत कमरेला बांधायचा फ्रीमेसनांचा खास एप्रन मात्र कोटावरून बांधतात, त्यामुळे वरचं बटण लावलेलंच हवं. नाहीतर कोटाच्या कडा फाकतात आणि एप्रन वाकडा दिसतो. नवख्याचा एप्रन पांढऱ्या कातड्याचा, कोरा असतो, त्यावर डाग फार उठून दिसतो.

दीक्षाविधीबद्दल फार लिहीत नाही, पण एक सांगतो. पँट गुडघ्याच्या वर गुंडाळता येईल इतकी सैल असू द्या. घट्ट पँटीत फार अवघडल्यासारखं होतं. कोट, टाय, घड्याळ, अंगठी, सुटे पैसे हे सगळं त्या वेळी काढून ठेवावं लागतं. म्हणून मौल्यवान वस्तू घरीच ठेवा.

बैठकीनंतरच्या जेवणात उकडलं तरी अध्यक्षांनी परवानगी दिल्याशिवाय कोट उतरवू नका. बसताना बटण सोडा, टोस्टसाठी, म्हणजे शुभेच्छा देत पेला उचलायला, उभं राहताना पुन्हा लावा.